कप्तानची रजा

सकाळी साडेसात ते साडेआठ या तासात आमच्या घरात कोणी कोणाला हाक मारायची नाही असा नियम आहे. तो मी केलेला नाही, आणि दारावर ज्यांच्या नावाची पाटी आहे त्यांनीही केलेला नाही. कप्तानने केला आहे. त्या तासात ती माझ्या सासूबाईंचं अंग पुसते, चादर बदलते, पाठ तपासते, केस विंचरते आणि शेवटी उशांच्या आधाराने बसवून मऊ भात भरवते. तेवढ्यात आमच्या ह्यांचा मोजा हरवला तर तो साडेआठपर्यंत हरवलेलाच राहतो.

कप्तान हे नाव सासूबाईंनी ठेवलं. अडीच वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं वाकडं झालं. बोलण्यातला वाकडेपणा त्यांच्यात आधीपासून होताच, त्यामुळे घरच्यांना फार फरक जाणवला नाही. या नव्या बाईने पहिल्याच दिवशी त्यांना न विचारता उचलून खुर्चीत बसवलं. सासूबाई म्हणाल्या, "ही काय जहाजाची कप्तान लागून गेली?"

"जहाज कुठलं आजी, गळकी होडी आहे," ती म्हणाली. "पण चालवून दाखवते."

दोघींचं तेव्हापासून जमलं ते जमलं.

मी तिला मावशी म्हणते. वय बावन्न, बांधा चौकोनी, चालताना जमीन आपल्या मालकीची असल्यासारखं चालणं. तिची होडीची भाषा उगाच नाही, ती एका बेटावरून आलेली आहे. बेट इतकं लहान की, तिच्याच शब्दांत, एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाचा माणूस नाक पुसतो. आजाऱ्याची कूस पालटायला दोन माणसं लागतात, पण ती एकटी पालटते. एक गुडघा पलंगाला टेकवायचा, चादरीचं टोक मनगटाला गुंडाळायचं आणि थांबायचं. वाळूत पालथी पडलेली होडी बापाबरोबर सुलटी करताना हे शिकले, असं ती सांगते. जोर लावणारा कंबर मोडून घेतो. वजन कुठे पडलंय ते बघायचं आणि ते पडू द्यायचं.

बेटाला ती दिवसभर शिव्या घालते. तिथला लाँचवाला लाँच कलू नये म्हणून प्रत्येकाला वजन बघून बसवतो, आणि तेही ओरडून, "तू जाडी, मधे ये." तिथल्या एकुलत्या एका दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या घरी आज काय शिजतंय ते गिऱ्हाइकाच्या आधी ठाऊक असतं. तिथले पुरुष दुपारभर धक्क्यावर बसून समुद्राकडे बघतात, "जसा काही तो यांच्या परवानगीवाचून हलणार नाही." एकदा सासूबाई मला म्हणाल्या, "एवढं वाईट बोलायला रोज आठवण काढावी लागते गं."

त्या म्हणाल्या ते मला नंतर पटलं. कप्तान आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, आजाऱ्यांकडे कामाला जाणाऱ्या आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहते. तीन खाटा, एक कपाट, मोरीला पडदा. तिला ताप आला तेव्हा मी औषध द्यायला गेले होते. कपाटाच्या दाराला आतून लाँचचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, चालू वर्षाचं. त्याच्या खाली मागच्या वर्षीच्या कागदाच्या कडा दिसत होत्या आणि त्याखाली त्याच्याही मागच्या.

"जायचंय का?" मी विचारलं.

"छे," ती म्हणाली. "कोणत्या दिवशी जायचं नाही ते कळायला नको का?"

तर त्या सकाळी ती सासूबाईंना डाव्या कुशीवर घेत होती, मी ओट्याशी भात घोटत होते आणि हे मोजा शोधत होते. दारावर थाप पडली. आमच्या दाराला बेल आहे, तिच्या बटणावर लाल दिवाही आहे, तरी थापच पडली. मग दुसरी. मी दार उघडलं तर बाहेर चाळिशीचा एक माणूस पिशवी छातीशी धरून उभा, आणि त्याच्या मागे तळमजल्यावरची शिवणकामवाली, तिच्या चेहऱ्यावर उत्साह मावत नव्हता.

"आमची ताई इथे असते का?" माणसाने विचारलं. "बेटावरची."

त्याच्याजवळ पत्ता नव्हता. चौकापाशी पिवळी इमारत एवढंच त्याला माहीत होतं. चौकापाशी पिवळ्या इमारती तीन आहेत. हा माणूस पहाटे बसमधून उतरून पहिल्या इमारतीच्या तळमजल्यापासून दारं वाजवत आला होता, आणि प्रत्येक दारात त्याने सगळी हकिगत सांगितली होती. आई तीन महिने अंथरुणाला खिळली आहे, ताई शहरात असते, ताई येत नाही. बेटावर असंच करतात. पहिल्या दाराला सांगायचं, बाकीचं आपोआप होतं. इथेही बाकीचं झालंच. आम्हाला कळायच्या आत चाळीस घरांना कळलं होतं की आमच्याकडची बाई आईला विचारत नाही.

"मीच घेऊन आले वर," शिवणकामवाली म्हणाली. "बिचारा किती जिने चढला. आईच्या नावाने डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या."

"धाप लागली असेल," मी म्हटलं आणि त्याला आत घेऊन दार लावलं.

आतून कप्तानचा आवाज आला, "वहिनी, कोण आहे?"

"तुमचा भाऊ आलाय, मावशी."

आत चादर झटकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "साडेआठ वाजायचे आहेत. बसू दे."

तो बसला. पिशवी मांडीवर, पाय खुर्चीखाली. त्या पाऊण तासात मी त्याला दोनदा चहा दिला आणि त्याने मला सगळं सांगितलं. आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. लाँचमधून नेईपर्यंत उशीर झाला, डॉक्टर म्हणाले आता उठणार नाही. त्याच्या बायकोची पाठ धरते. शेजारणी सुरुवातीला यायच्या, आता येत नाहीत. "ताईला या कामाची सवय आहे," तो म्हणाला. "आणि घर तिचंच आहे शेवटी. बाईमाणसाने किती दिवस परक्या गावात काढायचे?"

बावीस वर्षं झाली, हे त्याला ठाऊक असावं. तिचा नवरा लाँचच्या इंजिनाची कामं करायचा. एकदा सुटा भाग आणायला म्हणून शहरात गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. ती माहेरी परत आली तेव्हा घर दोन खोल्यांचं होतं, आणि याचं नुकतंच लग्न ठरलं होतं. तिला कोणी जा म्हटलं नाही. फक्त रोज जेवताना खोल्या किती लहान आहेत हा विषय निघायचा.

माझ्याबद्दलही सांगून टाकते. हा माणूस असा आहे हे बघून मला बरं वाटलं. त्याच्या जागी एखादा समजूतदार, हळवा भाऊ आला असता तर कप्तान त्याच दिवशी गेली असती, आणि सासूबाईंच्या पाठीखाली हात घालायची पाळी माझ्यावर आली असती. मी त्याला दुसऱ्या चहाबरोबर बिस्किटं दिली ती माया आली म्हणून नव्हे.

साडेआठला ती हात पुसत बाहेर आली. समोर बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"वाळलास," ती म्हणाली. "बायको जेवायला घालते ना?"

"ताई, आई तुझ्या नावाचा जप करते."

"आईने माझं नाव घेतलं की पुढे शिवी असायची. तीही म्हणते का अजून?"

तो ओशाळून हसला. "परवाची सकाळची लाँच आहे. लाँचवाल्याला सांगून आलोय, दोन माणसं परत येणार. तो म्हणाला, तिची जागा ठेवतो."

"माझी जागा टोकाला होती, दोरखंडाच्या वेटोळ्यावर. तेव्हा मी चिमणीएवढी होते. आता टोकाला बसले तर लाँच नाकाने पाणी पिईल." ती जराही हसली नाही. "आणि घरात कुठे ठेवणार मला? दोनच खोल्या आहेत ना? चिमणी मावत नव्हती."

"तिसरी बांधली की मागच्या बाजूला. जाळी ठेवायला."

"मग जाळी कुठे ठेवतोस?"

त्याने मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाला, "जाळी तिथेच आहेत. आईला तिथे हलवलंय. वारा चांगला येतो."

कप्तानने मान हलवली, एखाद्या डॉक्टरसारखी. पुढे तिने विचारलं ते बहीण म्हणून नव्हतं, कामातली बाई म्हणून होतं. किती तासांनी कूस पालटता? तो म्हणाला, ती स्वस्थ पडून असते, त्रास देत नाही. अंथरूण कशाचं? चटईवर चादर. पाठीला काही झालंय? थोडं सोललंय. कुठे? कमरेच्या खाली, माकडहाडाशी. किती? त्याने अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवला. मग तिच्याकडे बघून तो गोल जरा लहान केला.

"वास येतो का?"

"आता नाही येत. आम्ही रोज धुतो ना," तो पुढे सरकून बसला, कारण इथे त्याला सांगण्यासारखं काही तरी सापडलं होतं. "मी स्वतः सकाळी धक्क्यावरून बादली भरून आणतो. खाऱ्या पाण्याने जखम लवकर भरते. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात पुरत नाही, पण समुद्राला काय कमी आहे."

मी आजाऱ्यांचं काम शिकलेली नाही, पण हे भलतंच आहे ते मलाही कळलं.

"त्या धक्क्याखाली लाँचचं डिझेल सांडतं," कप्तान म्हणाली. "मासे तिथेच साफ करता. चार घरांची मोरी तिथेच येते. त्यात तू स्वतःचे पायसुद्धा धूत नाहीस. आणि आईच्या उघड्या मांसावर ते ओततोस, रोज, स्वतःच्या हाताने."

"सगळे तसंच करतात, ताई. आपल्या आजोबांच्या पायाला—"

"आजोबांचा पाय गेला."

हे आठवतच नव्हतं, असा तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटतं, खरंच आठवत नव्हतं. आजोबांनी पाय समुद्राच्या पाण्याने धुतला एवढीच गोष्ट त्या घरात उरली होती.

"जा," ती म्हणाली. "धर्मशाळेत, बसच्या फलाटावर, कुठे झोपायचं तिथे झोप. उद्या संध्याकाळी सांगते. आणि आता उतरताना कोणाचं दार वाजवू नकोस."

दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. दूधवाल्याने मला विचारलं, बाई जाणार का. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांनी मला जिन्यात थांबवून मातृऋणावर दहा मिनिटं ऐकवलं. त्यांची स्वतःची आई शेवटची चार वर्षं त्यांच्या बहिणीकडे होती, हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. शिवणकामवालीने तर कप्तानलाच गाठलं.

"मुलीची माया वेगळीच असते हो," ती म्हणाली.

"असते तर," कप्तान म्हणाली. "तुमची मुलगी कधी येणार आहे?"

घरात आमचे हे जेवताना म्हणाले, "जाऊ दे तिला पंधरा दिवस. शेवटी आई आहे. मी असतो तर एका पायावर गेलो असतो." ते हे बोलले तेव्हा त्यांची स्वतःची आई बारा पावलांवर, पलीकडच्या खोलीत होती. अडीच वर्षांत त्यांनी तिची कूस एकदाही पालटलेली नाही. दारात उभं राहून "बरं वाटतंय ना" असं मात्र रोज न चुकता विचारतात. मी त्यांच्या पानात आणखी एक पोळी टाकली. काही माणसांना उत्तर देण्यापेक्षा वाढलेलं स्वस्त पडतं.

सासूबाईंनी ते ऐकलं होतं. दुपारी कप्तान त्यांची नखं कापत होती. त्यांनी डावा हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "गेली नाहीस तर मूर्ख."

"बरं."

"तिथेच राहिलीस तर त्याहून मूर्ख."

"हात द्या इकडे," कप्तान म्हणाली. "अंगठा राहिलाय."

चार वाजता सासूबाईंचा डोळा लागला. ती स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. एरवी ती बसत नाही, ओट्याला टेकून उभ्याउभ्याच चहा पिते. मी काही विचारलं नाही. मी मनात आधीच सगळं बोलून ठेवलं होतं. तुम्ही कशाला जाता, त्यांनी तुमचं काय केलं, पैसे पाठवा, बाई लावा. सगळं खरं होतं आणि सगळं माझ्या सोयीचं होतं, म्हणून तोंडातून बाहेर निघेना.

"जाते मी," ती म्हणाली. "माया वगैरे काही नाही. हे वरच्या साहेबांना सांगा, म्हणजे गैरसमज नको. आईने मला काय दिलं आणि काय नाही, ते माझं मला माहीत आहे. मी जाते ती मला राग आला म्हणून. इतकी वर्षं मी परक्या माणसांच्या पाठी राखल्या. एकाही पेशंटला माझ्या हाताखाली भोक पडू दिलं नाही. आणि माझ्या घरात ती गाढवं बादलीने समुद्र ओततात."

"किती दिवस लागतील?"

"हाडापर्यंत गेलं नसेल तर दोन महिने. गेलं असेल तर तिलाच जास्त दिवस नाहीत." ती हे असं बोलली, जसं भात शिजायला किती वेळ लागेल ते सांगावं. "भावजयीला शिकवून येईन. पाठ धरते म्हणे. मी तिची पाठ अशी सरळ करते की बघत राहाल."

मग तिने मला शिकवायला घेतलं. बदलीची बाई तिने शोधून ठेवली होती, तिच्याच खोलीतली, पण ती सकाळी येऊ शकणार नव्हती. सकाळचा तास माझा. सासूबाई जाग्या झाल्यावर तिने मला पलंगाशी उभं केलं. मी गुडघा टेकवला, चादर मनगटाला गुंडाळली आणि जोर लावला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत, माझ्याच कमरेत कळ आली.

"होडी बरी हिच्यापेक्षा," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा, वहिनी," कप्तान म्हणाली. "नुसतं थांबा. त्या श्वास सोडतील तेव्हा."

चौथ्या वेळेला जमलं. त्या डाव्या कुशीवर गेल्या, हलक्या, जशा काही स्वतःच वळल्या. कप्तानने त्यांच्या पाठीवर तळवा टेकवून बघितलं, खालीवर, दोनदा. तो स्वच्छ, गोरा, एक ओरखडा नसलेला पाठीचा पट्टा ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

संध्याकाळी भाऊ खाली फाटकाशी येऊन उभा राहिला. वर यायची त्याची छाती झाली नाही. तिने खिडकीतून त्याला पाच बोटं दाखवली, म्हणजे पहाटे पाचला. तो हात जोडायला लागला तशी तिने खिडकी लावून घेतली.

त्या रात्री निघताना ती दारात चपला घालत होती. मी तिला मलमाच्या नळ्या, कापूस, हातमोजे आणि सासूबाईंची जादाची हवेची गादी बांधून दिली होती. ती गाठोडं हातात घेऊन उभी राहिली आणि जाईना.

"एक सांगू का, वहिनी?" ती म्हणाली. "तिथे कोणी कोंडून ठेवत नाही. दाराला कडीसुद्धा नसते. नुसतं म्हणतात, आता कुठे जातेस. सकाळी एक म्हणतो, दुपारी दुसरा. दुकानदार म्हणतो, लाँचवाला म्हणतो. आणि ते सगळे बिनडोक असले तरी संध्याकाळी धक्क्यावर बसलं की बरं वाटतं. मागच्या खेपेला चार दिवसांसाठी गेले आणि चौथ्या दिवशी मी स्वतःशीच म्हणाले, आता कुठे जातेस. त्याच घटकेला उठले आणि लाँच पकडली. आता दोन महिने म्हणजे फार झाले."

"राहावंसं वाटलं तर राहा," मी म्हटलं. हे बोलायला मला फार जड गेलं.

"वाटेलच. म्हणून तर सांगते. माझ्या खुशीने राहिले तर वेगळं. पण ते लोक मला त्यांच्या सोयीने ठेवतील आणि मी माझ्या खुशीने राहिले असं समजेन. तेवढं मला नको. तिथून निघायला माझ्याकडे काही तरी कारण पाहिजे, आणि ते चारचौघांनी ऐकलेलं पाहिजे. मग लाँचवाला स्वतः हाक मारून जागा देईल."

ती शब्द जुळवत असावी. मग एका दमात म्हणाली, "तिथे फोन फक्त दुकानात लागतो, आणि दुकानदार तो सगळ्यांना ऐकू येईल असाच लावतो. तुम्ही दोन महिन्यांनी, पंधरा तारखेला सकाळी दहा वाजता तिथे फोन करा. तोपर्यंत तुमची दुसरी बाई रुळली असली तरी करा. आजी असोत नसोत, तरी करा. आणि मोठ्याने म्हणा, मावशी, परत या."